उघडे दार आणि आतली वाट : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज व नवा विद्यार्थी

घरातला पहिला मुलगा किंवा मुलगी कॉलेजात दाखल झाली की आपल्याकडे पेढे वाटले जातात आणि 'चला, पोर मार्गी लागले' असे सारे म्हणतात. प्रवेश मिळणे ही मोठीच गोष्ट आहे, यात शंका नाही. परंतु फी कोणत्या खिडकीवर भरायची, सवलतीचा अर्ज कोणाच्या सहीने पुढे सरकतो, एखादा विषय डोक्यावरून जात असेल तर कोणाला विचारायचे, हे त्या पोराला घरात सांगणारे कोणी नसते. ज्याचे वडील, चुलते कॉलेजात शिकले त्याला या गोष्टी जेवताजेवता कानावर पडतात. बाकीच्यांनी काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांनी शंभरावर वर्षे घालविली आहेत. ती हकीकत पालकांनी व विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. कारण तिच्यात जसे यश आहे तशी एक फसगतही आहे.

प्रथम कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते पाहू. पदवीच्या चार वर्षांपैकी पहिली दोन वर्षे, थोड्या फीमध्ये, घराजवळ शिकविणारे सार्वजनिक कॉलेज असे त्याचे स्थूल स्वरूप. तेथून पुढे विद्यापीठात जाता येते, किंवा एखादा धंदा शिकून नोकरीला लागता येते. बहुतेक ठिकाणी गुणांची अट नसते. शालान्त शिक्षण झालेल्या कोणालाही प्रवेश मिळतो. आपल्या देशातही ही कल्पना आली. मद्रासमध्ये १९९६ साली असे कॉलेज निघाले आणि बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी योजना आखली. पण मूळ झाड अमेरिकेतले, म्हणून आपण तिकडेच जाऊ.

१९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी तेथल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी हायस्कूलच्याच इमारतीत कॉलेजचे वर्ग सुरू केले. पहिल्या वर्षी विद्यार्थी किती? अवघे सहा! सहा मुलांना वाट दाखविण्यासाठी वेगळी कचेरी कशाला लागते? शिक्षक ओळखीचे, इमारत ओळखीची, गाव आपलेच. १९०७ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून हायस्कुलांना असे पुढचे वर्ग काढण्याची मुभा दिली व १९१० साली फ्रेस्नो येथे तसे वर्ग निघाले. तेथेही आरंभी हेच चित्र होते.

येथे एक फरक ध्यानात घ्यावा. त्याच १९०१ साली आपल्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले आणि १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. खेड्यातून आलेल्या पोराला आपल्याकडे पहिला आधार मिळाला तो वसतिगृहाचा. तेथे वरच्या वर्गातला मुलगा खालच्याला सारे सांगतो. वेगळा सल्लागार नेमावा लागत नाही. अमेरिकेतील या कॉलेजांना बहुधा वसतिगृहेच नव्हती. विद्यार्थी घरून येणार, तास संपला की कामावर किंवा घरी पळणार. त्याला गाठायचे कोठे आणि सांगायचे कधी, हा त्यांचा जन्मजात अडथळा होय.

मोठ्या विद्यापीठांनी नव्या विद्यार्थ्यांची दखल त्याआधीच घेतली होती. बोस्टन विद्यापीठात १८८८ साली नवागतांसाठी परिचयाचा कार्यक्रम सुरू झाला असे सांगतात, आणि रीड कॉलेजने १९११ मध्ये त्यासाठी एक रीतसर अभ्यासक्रमच ठेवला. पण ती कॉलेजे शिकल्यासवरल्या घरांतील मुलांची. १९३७ साली अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या संस्थेने एक अहवाल काढला आणि त्यात स्पष्ट म्हटले की, कॉलेजने विद्यार्थ्याच्या केवळ बुद्धीकडे पाहू नये. त्याची प्रकृती, त्याचा पैसा, त्याचे मन, त्याचा पुढचा व्यवसाय या साऱ्यांची चिंता वाहिली पाहिजे. कागदावर हे ठीक होते. त्याची निकड भासली ती दुसरे महायुद्ध संपताना.

१९४४ च्या जून महिन्यात अमेरिकेने परतणाऱ्या सैनिकांसाठी कायदा केला. तो 'जी. आय. बिल' या नावाने प्रसिद्ध आहे. वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी सरकार भरणार आणि वर खर्चाला दरमहा काही रक्कम देणार. सुमारे २२ लाख माजी सैनिक कॉलेजात दाखल झाले. यांतील कितीकांच्या घराण्यात कॉलेजचे तोंड कोणी पाहिलेले नव्हते. कोणाला बायकामुले, कोणाला युद्धातले अपंगत्व. मग कॉलेजांच्या आवारात सैनिकांसाठी मार्गदर्शन केंद्रे निघाली. तेथे चाचण्या घेऊन, समोर बसवून, कोणता अभ्यास घ्यावा हे सांगितले जाऊ लागले. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगाने आपला अहवाल दिला, गावोगाव अशी कॉलेजे काढण्याची शिफारस केली आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ केले. पुढे १९६० ते १९७० या एका दशकात ४५७ नवी सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजे निघाली. हिशेब केलात तर जवळजवळ आठवड्याला एक!

आता त्या फसगतीकडे वळतो. बर्टन क्लार्क नावाच्या समाजशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील ज्युनिअर कॉलेजचा बारकाईने अभ्यास केला आणि १९६० साली 'द ओपन डोअर कॉलेज' हे पुस्तक लिहिले. त्याला असे आढळले की, नाव नोंदविताना तिघांपैकी दोघे 'आम्ही पुढे विद्यापीठात जाणार' असे म्हणत. प्रत्यक्षात जाई तिघांत एखादाच. मग उरलेल्यांचे काय होई? कोणी त्यांना हाकलून देत नव्हते. आधी प्रवेशाच्या वेळची चाचणी; तीत कमी पडला तर वेगळे वर्ग. मग समुपदेशकाची भेट. तो चाचणीचा कागद समोर ठेवून गोड शब्दांत सांगे की हा अभ्यास तुला झेपेल का, याचा विचार कर. मग नव्या विद्यार्थ्यांसाठी सक्तीचा परिचय-अभ्यासक्रम. त्यात विद्यार्थ्याने आपल्या मर्यादा आपणच ओळखाव्यात अशी योजना. मग इशाऱ्याची पत्रे. शेवटी तो विद्यार्थी आपण होऊन विद्यापीठाचा नाद सोडी आणि दोन वर्षांचा धंदेशिक्षणाचा वर्ग धरी, किंवा घरी बसे. दोष कोणाचा? त्याचा त्यालाच वाटे!

क्लार्कने या प्रकाराला 'कूलिंग आउट', म्हणजे थंड करणे, असे नाव दिले. हा शब्द त्याने एर्व्हिंग गॉफमन याच्या १९५२ सालच्या निबंधातून उचलला. ठकांची टोळी एखाद्याला लुबाडते तेव्हा आपल्यातला एक जण मागे ठेवते. तो त्या लुबाडलेल्या माणसाजवळ बसून त्याची समजूत घालतो, म्हणजे तो पोलिसांत जात नाही. क्लार्कचा रोख कॉलेजला ठक ठरविण्याचा नव्हता. सर्वांना दार उघडायचे आणि पुढे जागा मोजक्याच, या कात्रीत सापडलेली संस्था असेच वागणार, असे त्याचे म्हणणे. पण जी मदतीची यंत्रणा म्हणून उभी केली तीच आशा विझविण्याच्या कामी येऊ शकते, हे त्याने दाखविले, आणि एक शिक्षक म्हणून मला हे पान या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. 'तुला जमणार नाही' हे वाक्य आम्ही शिक्षक किती सहज उच्चारतो! तिकडे तेच वाक्य कचेरीत बसून, नम्रपणे, फाइल उघडून उच्चारले जात होते, एवढेच.

यावर उत्तर आले ते विद्यार्थ्यांकडून. १९६९ साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात काळ्या व पोर्टो रिकन विद्यार्थ्यांनी आंदोलन केले आणि १९७० पासून त्या शहराच्या विद्यापीठाने शालान्त परीक्षा झालेल्या सर्वांना दार उघडले. पहिल्याच वर्षी सुमारे ३५ हजार नवे विद्यार्थी आले, तेही फीशिवाय. (ही फुकट शिक्षणाची सोय शहराच्या आर्थिक संकटात १९७६ साली गेली.) कॅलिफोर्नियात १९६९ मध्येच एक कायदा झाला. त्यातून गरीब व मागे पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी कम्युनिटी कॉलेजांत स्वतंत्र कक्ष निघाले. तेथे पुस्तकांना पैसे, शिकवणी, आणि त्याच वस्तीतून आलेला, त्यांची भाषा जाणणारा सल्लागार. केंद्र सरकारनेही १९६८ च्या कायद्याने मागे पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी अशीच योजना आखली.

यानंतर दोन कायदे झाले, ते पालकांनी नीट समजून घ्यावेत. आपल्याकडील अनेकांची मुले आता परदेशी शिकायला जातात, त्यांच्या पालकांनी तर विशेषच. पहिला १९७४ चा, विद्यार्थ्याच्या नोंदी खाजगी ठेवण्याचा. मूल कॉलेजात गेले की त्याच्या गुणपत्रिकेवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो, मग वय काही असो. वडिलांनी फोन करून 'माझ्या मुलाची हजेरी कशी आहे?' असे विचारले तर कचेरी सहसा सांगणार नाही. मुलाची लेखी संमती आणा म्हणेल. हा उद्धटपणा नव्हे, कायदा आहे. दुसरा १९७३ चा, अपंगांविषयी भेदभाव न करण्याचा. शाळेत असताना अपंग मुलाला शोधून मदत देणे हे शाळेचे काम. १९७५ पासून तसा कायदाच आहे. कॉलेजात मात्र विद्यार्थ्याने स्वतः त्या कक्षात जाऊन, कागदपत्र दाखवून, परीक्षेला जास्त वेळ हवा, लिहून घेणारा हवा, असे मागावे लागते. जो मागत नाही त्याला मिळत नाही. शाळेत बारा वर्षे सारे आपोआप मिळालेला मुलगा तेथे गप्प बसतो आणि पहिल्याच सत्रात मागे पडतो.

मागण्यावाचून मिळत नाही, हे तेथल्या बहुतेक खिडक्यांबाबत खरे आहे. प्राध्यापक दर आठवड्याला काही तास आपल्या खोलीत केवळ विद्यार्थ्यांसाठी बसतात. त्याला 'ऑफिस अवर्स' म्हणतात. नव्या विद्यार्थ्याला वाटते, ही सरांची कामाची वेळ, तेव्हा त्रास देऊ नये! शिकवणीचे केंद्र फुकट असते, पण ते 'ढ' मुलांसाठी असावे म्हणून तो तिकडे फिरकत नाही. विषय झेपत नसेल तर ठराविक तारखेच्या आत नाव काढून घेता येते, म्हणजे गुणपत्रिकेवर नापासाचा शिक्का बसत नाही; ती तारीख सूचनापत्रात छापलेली असते आणि ते पत्र वाचायचे असते हेच ठाऊक नसते. सरकारी मदत घेतलेल्याने सत्राचे साठ टक्के दिवस भरण्याआधी कॉलेज सोडले तर मदतीचा काही भाग परत करावा लागतो. आईच्या आजारपणासाठी गावी गेलेल्या मुलावर अशाने कर्ज चढते. आधी सल्लागाराला भेटला असता तर दुसरी वाट निघाली असती.

मदतीचा अर्ज हे तर वेगळेच प्रकरण. केंद्र सरकारच्या मदतीचा तो एकच फॉर्म, पण प्रश्न शंभरावर. २०२० साली कायदा करून ते कमी करण्याचे ठरले. नवा सोपा फॉर्म तीन महिने उशिराने २०२३ च्या डिसेंबरअखेर आला, तोही चुकांसह. ज्यांच्या आईबापांकडे तेथला सोशल सिक्युरिटी क्रमांक नव्हता, त्या मुलांचे अर्ज कित्येक आठवडे पुढेच सरकले नाहीत. सोपेपणासाठी केलेल्या सुधारणेत अडकले कोण, तर ज्यांच्यासाठी ती केली तेच.

अलीकडे पोटाचाही विचार होऊ लागला आहे. पुष्कळ कॉलेजांत आता धान्याची खोली असते. कॅलिफोर्नियाने २०२१ च्या कायद्याने प्रत्येक कम्युनिटी कॉलेजात अन्न, निवारा इत्यादी गरजांचे केंद्र असावे असे ठरविले. चाचणीवरून विद्यार्थ्याला खालच्या वर्गात बसविण्याची जुनी रीतही त्या राज्याने २०१७ च्या कायद्याने बरीचशी मोडली. आता शाळेतील गुण आधी पाहिले जातात. क्लार्कच्या पुस्तकाला तोवर सत्तावन्न वर्षे झाली होती.

शेवटी न्यूयॉर्कच्या एका प्रयोगाविषयी सांगतो. तेथील शहर विद्यापीठाने २००७ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत एक योजना सुरू केली. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे आणि सल्लागाराला ठरल्याप्रमाणे भेटायचे; त्याबदल्यात राहिलेली फी माफ, पुस्तकांना मदत आणि बस व भुयारी रेल्वेचा पास फुकट. पास सल्लागाराची भेट घेतल्यावरच मिळे, ही मला विशेष आवडलेली युक्ती. गरीब घरच्या व गणित-इंग्रजीत कच्च्या असलेल्या सुमारे ९०० विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून संशोधकांनी त्यांचा मागोवा घेतला. २०१५ साली निकाल जाहीर झाला : तीन वर्षांत योजनेतले शेकडा ४० विद्यार्थी उत्तीर्ण होऊन बाहेर पडले, बाहेरच्या गटातले शेकडा २२. पुढे ओहायो राज्यातील तीन कॉलेजांनी तोच कित्ता गिरविला आणि तेथेही तसाच फरक पडला. न्यूयॉर्कच्या त्या कॉलेजांत नेहमीच्या सल्लागाराकडे ६०० पासून १५०० पर्यंत विद्यार्थी असत. या योजनेतल्या सल्लागाराकडे ६० ते ८० होते. आपल्या शाळेतल्या एका वर्गाएवढे, म्हणजे प्रत्येकाचे नाव आणि कोण दोन दिवस दिसला नाही हे लक्षात राहील, इतके.