चित्रगृह, बाहेरची खोली आणि रसविघ्न

चित्रपटाविषयीच्या मराठी लेखनात प्रेक्षक बहुधा दोनच रूपांत भेटतो. गल्ल्याच्या हिशेबात तो संख्या असतो आणि रसग्रहणात समीक्षकाचा मूक प्रतिनिधी असतो. चित्रपट त्याने कोठे बसून पाहिला, शेजारी कोण होते, दिवा चालू होता की बंद, या बाबी आस्वादाच्या कक्षेबाहेरच्या समजल्या जातात. नाटकाच्या संदर्भात भारतीय काव्यशास्त्राने असा संकोच केलेला नाही. भरताने नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय प्रेक्षागृहालाच दिला. मर्त्यांसाठी चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद असा मध्यम मंडप योग्य ठरवताना त्याने कारणही नोंदवले. मंडप याहून मोठा झाला तर शब्द नीट ऐकू येत नाहीत आणि मुखावरचे भाव दिसेनासे होतात. अभिनवगुप्ताने पुढे रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली. त्यांतील 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे प्रेक्षकाचे स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून पडणे, हे विघ्न प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. गायन, वादन आणि सुशोभित मंडप हे त्याने या विघ्नावरचे उपाय मानले. सर्व सामाजिकांची प्रतीती एकघन झाली की रसाचा परिपोष अधिक होतो, हेही त्याचेच प्रतिपादन आहे.

या दोन कल्पना हाताशी ठेवून चित्रगृहातील आणि घरातील चित्रपटपाहणीचा इतिहास तपासला, तर एक रूढ समजूत डळमळू लागते. चित्रगृह म्हणजे समूह आणि घर म्हणजे एकांत; दूरचित्रवाणीने माणसांना समूहातून उचलून एकेकटे केले, अशी ती समजूत आहे. मुंबई-पुण्याच्या मराठी प्रेक्षकाच्या बाबतीत निदान सुरुवातीची काही वर्षे जवळजवळ याच्या उलट घडले.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, हा भाग सर्वपरिचित आहे. त्यानंतरच्या काही दशकांत चित्रगृहाने शहरी मराठी माणसाला काय दिले, याचा विचार मात्र त्याच्या राहत्या जागेचा विचार केल्याशिवाय पुरा होत नाही. गिरगाव-लालबागच्या चाळीतील एका खोलीत आठ-दहा माणसे झोपत. कोकणातून एकट्याने आलेला गिरणी कामगार खानावळीत जेवून गाळ्यात पथारी टाकी. ज्याला खासगी म्हणावे असे त्यांच्या आयुष्यात फार थोडे होते. रोलाँ बार्थने १९७५च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात चित्रगृहातील अंधाराचे आणि त्यातील अनामिकतेचे सुख वर्णिले आहे. दूरचित्रवाणी हा अंधार पुसून टाकते आणि माणसाला पुन्हा कुटुंबाच्या स्वाधीन करते, अशी त्याची तक्रार आहे. बार्थचा प्रेक्षक हा स्वतःची खोली असलेला, संमोहनाच्या शोधात बाहेर पडलेला पॅरिसवासी आहे, हे विसरता कामा नये. चाळीतल्या माणसाला अंधार हवा होता तो अधिक साध्या कारणासाठी. तीन तास कोणी हाक मारणार नाही, कोणी काम सांगणार नाही, डोळ्यांत पाणी आले तरी कोणाला दिसणार नाही. नवविवाहित जोडप्याला शेजारी शेजारी बसता येईल अशी जागा घरात नसे. ती तिकिटाच्या दरात चित्रगृहात मिळे. शेकडो माणसांच्या दाटीत हा एकांत लाभत होता. निजसुखदुःखाचे विघ्न दूर सारणारा मंडप तो हाच. त्यात 'गणिकादी' उपचारांची जागा गारव्याने, मखमली पडद्याने आणि मध्यंतरातल्या बटाटेवड्याने घेतली होती, एवढाच काय तो फरक.

चित्रगृह आणि घर यांच्या मधली एक जागा इतिहासात उपेक्षित राहिली आहे. गणेशोत्सवात गल्लीच्या तोंडाशी दोन बांबूंना पांढरा कपडा बांधून १६ मिलिमीटरचे चित्रपट दाखवले जात. पडद्याच्या पुढची जागा भरली की उरलेले लोक मागे बसत. त्यांना नायक डावखुरा दिसे आणि श्रेयनामावलीची अक्षरे उलटी दिसत. तक्रार कोणी करीत नसे. येथे अंधार अपुरा, ध्वनी फाटका, रस्त्यावरून जाणारी माणसे मध्येच आडवी. 'स्फुटत्वाभाव' हे अभिनवगुप्ताचे आणखी एक विघ्न येथे पुरेपूर हजर होते. तरीही हे सुख खरे होते, कारण पाहणारे सगळे एकमेकांना ओळखत होते. चित्रगृहातली एकघनता अनोळखी माणसांची असते, गल्लीतली ओळखीच्यांची. दूरचित्रवाणी महाराष्ट्रात आली ती या दुसऱ्या प्रकारच्या पाहणीचा वारसा घेऊन.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि लवकरच शनिवारचा मराठी व रविवारचा हिंदी चित्रपट हे आठवड्याचे दोन खांब ठरले. चाळीत किंवा वाड्यात संच एखाद्याच घरी असे. शनिवारी संध्याकाळी त्या घराच्या बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली जाई. मुले पुढे, वडीलधारी खुर्च्यांवर, शेजारणी दारात आणि उरलेले खिडकीच्या गजांशी, असा क्रम आपोआप ठरे. शटरच्या कपाटात बसवलेला तो कृष्णधवल संच उघडणे हा छोटा समारंभच असे. अंधारात टीव्ही पाहिल्याने डोळे बिघडतात या समजुतीने दिवा चालू ठेवला जाई. या एका दिव्याने आस्वादाचे सारे गणित बदलले. चित्रगृहात पडदा तेवढा पाहिला जातो. येथे पाहणाऱ्यालाही पाहिले जात होते.

याचा परिणाम 'कुंकू'सारख्या चित्रपटाच्या बाबतीत तपासून पाहण्यासारखा आहे. प्रभातच्या १९३७च्या या चित्रपटात वृद्ध विधुराशी फसवून लग्न लावलेली नीरा हे लग्न मानायला नकार देते. चित्रगृहाच्या अंधारात एखाद्या सुनेला शांता आपटे यांच्या नीरेशी मनोमन हातमिळवणी करता येत होती. बाहेरच्या खोलीत तीच सून सासू, नणंद आणि शेजारणी यांच्या मध्ये, उजेडात बसलेली असे. तिने कोठे डोळे टिपले, कोठे ती मध्येच उठून स्वयंपाकघरात गेली, हे सर्वांना दिसे. तरी याला निव्वळ अडचण म्हणता येत नाही. चित्रगृहात जी सहमती मनात राहिली असती ती येथे कधी कधी उघड बोलली जाई, तिच्यावर वाद होई, आजी आपल्या वेळचे काही सांगू लागे. आस्वादाला भाष्याची जोड मिळे. अभिनवगुप्त याला विघ्नच म्हणेल. पण कीर्तनाच्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला आख्यान मध्येच थांबवून केलेले निरूपण परके नव्हते. शिवाय मध्ये बातम्यांसाठी चित्रपट थांबे, तेव्हा निरूपणाला हक्काचा वेळच मिळे.

मराठी चित्रपटाची 'अभिजात' परंपरा म्हणून आज जे सांगितले जाते ते घडण्यात या शनिवारांचा वाटा मोठा आहे. १९५०नंतर जन्मलेल्या पिढीने 'संत तुकाराम' (१९३६), 'माणूस' (१९३९), 'शेजारी' (१९४१) हे चित्रपट त्यांच्या पहिल्या झळाळीत पाहणे शक्यच नव्हते. मॅटिनी किंवा फिल्म सोसायटीचा अपवाद सोडला तर त्यांची भेट झाली ती छोट्या पडद्यावर. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रफिती जपल्या आणि प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी जाणकार प्रेक्षक घडवला. सामान्य घरांत मात्र या चित्रपटांची स्मृती रुजवली ती दूरदर्शनने. ती स्मृती लहान आकाराची होती, ही बाब गौण नाही. वैकुंठगमनाचा गरुड वीस इंची काचेवर चिमणीएवढा होई. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा मात्र टिकून राही. भरताला मोठ्या मंडपात चेहरा हरवण्याची धास्ती होती. छोट्या पडद्यावर चेहरा उरला आणि आकाश हरवले. प्रभातची थोरवी अभिनयात आणि संवादात शोधण्याची, दृश्यरचनेकडे दुर्लक्ष करण्याची मराठी समीक्षेची सवय काही अंशी या काचेने वाढवली असावी.

सर्वच चित्रपट बाहेरच्या खोलीत येऊ शकत नव्हते. 'सोंगाड्या'पासून (१९७१) दादा कोंडके यांनी जे द्व्यर्थी विनोदाचे शास्त्र विकसित केले त्याला चित्रगृहाचा अंधार आणि अनोळखी गर्दी यांची नितांत गरज होती. दुसरा अर्थ कळल्याची कबुली हसण्यातून द्यावी लागते, आणि ती कबुली शेकडो जणांनी एकदम दिली की कोणा एकाची राहत नाही. सासऱ्यांच्या उपस्थितीत हाच विनोद पहिल्या अर्थापाशीच थांबतो आणि खोलीत शांतता पसरते. तमाशाच्या वगाला फडाचा जो आधार होता तोच येथे चित्रगृहाला होता. कोंडक्यांवर टीका करणाऱ्यांनी त्यांची संहिता तपासली. ती कोणत्या जागेसाठी लिहिली आहे हे पाहिले असते तर टीका अधिक नेमकी झाली असती.

भक्तीला मात्र जागेची अशी अडचण आली नाही. १९७५च्या 'जय संतोषी माँ'च्या वेळी प्रेक्षक चपला बाहेर काढून चित्रगृहात जात, पडद्याच्या दिशेने फुले आणि नाणी टाकीत. १९८७च्या जानेवारीत रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका सुरू झाली तेव्हा हेच उपचार घरोघरच्या संचापुढे होऊ लागले. लोक स्नान करून बसत, संचाला हार घालीत. 'रामायण' हा चित्रपट नव्हे, हे खरे. पण पडदा देव्हारा होण्यासाठी त्याचा आकार किंवा अंधार आवश्यक नसतो, एवढे त्यातून दिसते. आवश्यक होती ती समकालिकता. रविवारी सकाळी सगळा देश एकाच क्षणी तेच दृश्य पाहत होता. शनिवारच्या चित्रपटाचेही तसेच होते: गल्लीतून चालत गेले तरी प्रत्येक खिडकीतून तेच गाणे पुढे सरकत असे. दूरचित्रवाणीने एकघनता मोडली ती जागेच्या बाबतीत. काळाच्या बाबतीत तिने ती उलट विस्तारली.

खरा छेद व्हिडिओने दिला. १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास व्हिडिओ यंत्रे देशात येऊ लागली. काही वर्षांत पेठांपेठांतून कॅसेटची दुकाने निघाली आणि १९८४ साली प्रताधिकार कायद्यातही 'व्हिडिओ फिल्म'ची दखल घ्यावी लागली. आरंभी हे सुखही सामूहिकच होते. वर्गणी काढून रात्रीपुरते यंत्र भाड्याने आणायचे आणि तीन-चार चित्रपट पहाटेपर्यंत पाहून भाडे वसूल करायचे, हा प्रकार अनेकांना आठवत असेल. पण यंत्राला थांबवण्याची आणि मागे नेण्याची कळ होती. तिचे महत्त्व मराठी नाट्यपरंपरेच्या संदर्भात चांगले उमगते. संगीत नाटकात 'वन्स मोअर'चा अधिकार प्रेक्षागृहाचा होता. पद पुन्हा म्हणायचे की नाही हे टाळ्या ठरवीत. चित्रपटाने हा अधिकार काढून घेतला. पडद्यावरचा काळ कोणाच्याही टाळ्यांनी थांबेना. व्हिडिओने तो परत दिला, पण समूहाला नव्हे, कळ ज्याच्या हाती त्या एकट्याला. जॉन एलिस या अभ्यासकाने १९८२ साली चित्रगृहातील टक लावून पाहणे आणि घरातील ओझरते पाहणे असा भेद केला होता. व्हिडिओच्या प्रेक्षकाला तो पुरता लागू पडत नाही. तो एकाच दृश्याकडे पाच वेळा परततो. त्याचे पाहणे ग्रंथ वाचणाऱ्याच्या जवळ जाते. चित्रपटाच्या सूक्ष्म वाचनाची पद्धत विद्यापीठीय वर्गांत सहज रुळली, त्यामागे ही कळ आहे. तिची किंमतही आहे: ज्याला काळावर सत्ता मिळाली त्याला काळाच्या स्वाधीन होण्याचे सुख उरत नाही.

व्हिडिओ आणि केबल यांनी चित्रगृहे ओस पाडली असे सांगितले जात असतानाच १९९१ साली 'माहेरची साडी' आली. महाराष्ट्रभर स्त्रिया गटागटाने गेल्या आणि मनसोक्त रडल्या. जाणकारांनी या अश्रूंची पुष्कळ चेष्टा केली. पण हेच दुःख घरी पाहायचे तर ते ज्यांनी दिले त्यांच्या देखत पाहावे लागले असते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. १९९४चा 'हम आपके हैं कौन' हा तर अथपासून इतिपर्यंत एका घराचा आणि त्यातील लग्नसमारंभाचा चित्रपट. निर्मात्यांनी त्याची व्हिडिओ आवृत्ती रोखून धरली आणि मुंबईच्या लिबर्टीत तो शंभराहून अधिक आठवडे चालला. लोक घर पाहण्यासाठी घराबाहेर पडले. २०२३ साली 'बाईपण भारी देवा'ला नटूनथटून एकत्र गेलेल्या बायकांचे गट या साखळीतलेच. २०१६च्या 'सैराट'ने समूहाचा आणखी कठोर उपयोग केला. 'झिंगाट'वर खुर्च्या सोडून नाचलेल्या त्याच चित्रगृहाला अखेरच्या निःशब्द दृश्यात एकमेकांकडे पाहणेही अवघड झाले. आधी नाचल्याशिवाय ते मौन तसे अंगावर येत नाही. आणि घरी एकटा सहसा कोणी नाचत नाही.

एप्रिल २०२१मध्ये महाराष्ट्रातील चित्रगृहे साथीमुळे बंद होती, त्याच महिन्याच्या अखेरीस चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' नेटफ्लिक्सवर आला. आदल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळवलेला हा मराठी चित्रपट बहुसंख्य मराठी प्रेक्षकांनी घरीच पाहिला, अनेकांनी कानाला यंत्र लावून, एकेकट्याने. त्याचा नायक शरद नेरूळकर हा रागसंगीताचा विद्यार्थी रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून दुचाकीवर जाताना कानाला असेच यंत्र लावून माईंची जुनी ध्वनिमुद्रित प्रवचने ऐकतो. ज्या मैफिलीत तो स्वतः गातो तेथे श्रोते तुरळक असतात आणि कॅमेरा त्यांच्यामागे दीर्घ काळ स्थिर राहतो. ती दृश्ये चित्रगृहाच्या काळाच्या हिशेबाने रचलेली आहेत, आणि ती पोचली ती कळीवर बोट ठेवून बसलेल्या प्रेक्षकापर्यंत.