वाइन प्रकल्प आणि डीबग चिन्हांचे वाचन : एक ऐतिहासिक टिपण

विंडोजसाठी लिहिलेल्या आज्ञावली लिनक्सवर चालविणाऱ्या 'वाइन' या सुसंगतता स्तराचे काम १९९३ मध्ये सुरू झाले. कोणत्या आज्ञावली चालू लागल्या, या अंगानेच त्याचा इतिहास बहुधा सांगितला जातो. चालता चालता कोसळलेल्या आज्ञावलीचे कारण कसे कळू लागले, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला आहे.

संगणकास पत्ते कळतात, नावे नव्हेत. कोणत्या पत्त्यावर कोणते फंक्शन व मूळ लेखनाची कोणती ओळ आहे, याची स्वतंत्र नोंद म्हणजे डीबग चिन्हे होत. नाशिकच्या वाचकास रामकुंडावरील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीची येथे आठवण व्हावी. गाव व आडनाव जुळल्यावाचून योग्य वही सापडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या पीडीबी फाइलमधील ओळखक्रमांक असाच आज्ञावलीतही नोंदलेला असतो. तो न जुळता फाइल वापरली, तर नावे मिळतात, पण चुकीची.

वाइनची अडचण दुहेरी होती. त्याचे स्वतःचे भाग लिनक्सच्या पद्धतीने, म्हणजे प्रथम स्टॅब्ज व पुढे ड्वार्फ या स्वरूपात चिन्हे ठेवीत. विंडोज आज्ञावलींची चिन्हे कॉफ वा पीडीबी स्वरूपात असत. दोषाची साखळी दोहोंतून जात असल्याने एकाच डीबगरला दोन्ही लिपी वाचता येणे भाग होते. एरिक यंगडेल यांनी १९९६ मध्ये विंडोजकडील चिन्हे वाचणारा भाग लिहिला. त्याच्या शीर्षटिपेत कॉफचा उल्लेख असून पीडीबीचे वाचन 'यथावकाश' होईल असे म्हटले आहे. पीडीबीची अंतर्रचना तेव्हा जाहीर नव्हती, हे लक्षात घेता तो शब्द अर्थपूर्ण वाटतो. १९९९-२००० मध्ये उलरिच वाइगांड यांनी, तर २००४ पासून एरिक पुएश यांनी हे काम पुढे नेले. मायक्रोसॉफ्टने पीडीबीसंबंधीची संहिता प्रसिद्ध केली ती २०१५ मध्ये. तोवर वाइनची १.० आवृत्ती निघून सात वर्षे लोटली होती.

स्वरूप उलगडले तरी फाइल हाती असावी लागते. विक्रेते ती ग्राहकास सहसा देत नाहीत. महाविद्यालयाने स्वतःसाठी आज्ञावली करवून घेताना मूळ लेखनाबरोबर प्रत्येक आवृत्तीची पीडीबीही मागून घेणे म्हणूनच इष्ट ठरेल. निर्माता व्यवसाय सोडून गेल्यावर ती मिळत नाही. विंडोजच्या स्वतःच्या फाइलींची चिन्हे मायक्रोसॉफ्ट सार्वजनिकरीत्या पुरविते, पण वाइनमध्ये कर्नल३२ या नावाची फाइलही वाइनचीच असते. नाव तेच, वही वेगळी. तिची चिन्हे वाइनच्या त्याच बांधणीतून घ्यावी लागतात.