व्होल्वो कन्सेप्ट कूपे

हा लेख व्होल्वो कार्स या कंपनीच्या संकल्पना मोटारगाडीविषयी आहे. मुंबई-पुणे मार्गावरील शिवनेरीमुळे महाराष्ट्रात 'व्होल्वो' हा शब्द ज्या वातानुकूलित बसगाड्यांसाठी रूढ झाला, त्या बनवणारी कंपनी वेगळी आहे. दोन्ही कंपन्यांचे मूळ एकच असले तरी १९९९ मध्ये मोटारगाड्यांचा व्यवसाय फोर्डला विकला गेल्यापासून त्यांची मालकी निरनिराळी आहे.

व्होल्वो कन्सेप्ट कूपे ही व्होल्वो कार्स या स्वीडिश कंपनीने सप्टेंबर २०१३ मध्ये फ्रांकफुर्ट येथील आंतरराष्ट्रीय मोटार प्रदर्शनात सादर केलेली, दोन दारांची व २+२ आसनांची आलिशान संकल्पना मोटारगाडी आहे. कंपनीचे तत्कालीन रचनाप्रमुख थॉमस इंगेनलाथ यांच्या देखरेखीखाली व्होल्वोसाठी तयार झालेली ही पहिलीच गाडी होय. ती विक्रीसाठी बनवलेली नव्हती. तथापि तिच्यातील दिव्यांचा आकार, समोरची जाळी, मधल्या भागातील उभा पडदा आणि स्फटिकाचा गिअर दांडा या गोष्टी पुढील काही वर्षांत कंपनीच्या विक्रीच्या गाड्यांमध्ये आल्या. २०१७ मध्ये तिचा एकूण आकारच पोलस्टार १ या गाडीच्या रूपाने सादर झाला.

पार्श्वभूमी

१९२७ पासून गोथेनबर्ग येथे मोटारी बनवणाऱ्या व्होल्वोची ख्याती सौंदर्यापेक्षा सुरक्षिततेसाठी अधिक होती. तीन ठिकाणी अडकणारा आसनपट्टा १९५९ मध्ये याच कंपनीतील अभियंते नील्स बोलिन यांनी प्रचारात आणला. १९७४ ते १९९३ या काळात बनलेल्या २४० मालिकेमुळे पेटीसारखा चौकोनी आकार हीच व्होल्वोची ओळख ठरली. नव्वदच्या दशकात पीटर हॉर्बरी यांनी खिडक्यांखालील रुंद 'खांदा' आणून हा आकार पुष्कळ मऊ केला.

२०१० मध्ये फोर्डने ही कंपनी चीनमधील जीली समूहाला विकली. त्यानंतर कंपनीपुढे दोन प्रश्न होते. पहिला तांत्रिक होता: फोर्डशी सामाईक असलेले सांगाडे व इंजिने सोडून सर्व काही नव्याने उभारणे भाग होते. दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. चिनी मालकीची कंपनी स्वीडिश राहील काय, अशी शंका ग्राहकांना आणि वृत्तपत्रांना सारखीच होती. तिचे उत्तर पत्रकातून देता येण्यासारखे नव्हते. फोक्सवॅगन समूहाच्या पॉट्सडाम येथील रचना केंद्राचे प्रमुख असलेले इंगेनलाथ २०१२ च्या मध्यास व्होल्वोत आले आणि पुढच्या वर्षीच्या फ्रांकफुर्ट प्रदर्शनात ही गाडी उभी राहिली.

बाह्य रचना

गाडीचा सर्वांत महत्त्वाचा गुण तिच्या कोणत्याही अलंकारात नसून प्रमाणात आहे. पुढील चाकांना गती देणाऱ्या बहुतेक गाड्यांत इंजिन आडवे बसवलेले असते आणि पुढचे चाक दाराच्या बरेच जवळ येते. त्यामुळे नाक पुढे झुकल्यासारखे दिसते. मागील चाकांना गती देणाऱ्या महागड्या जर्मन गाड्यांत मात्र चाक आणि दार यांमध्ये मोठे अंतर राहते. पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी गाडी उंची आहे हे या अंतरावरून त्याच्या डोळ्यांना कळते. व्होल्वोने नव्याने विकसित केलेल्या 'एसपीए' या सांगाड्यात पुढचा आस आणि चालकाच्या पुढील भिंत यांमधील अंतरच तेवढे निश्चित असून बाकीची बहुतेक मापे बदलता येतात. हे निश्चित अंतर मुळातच ऐसपैस ठेवले गेले. त्याच सुमारास कंपनीने पाच, सहा व आठ सिलिंडरची इंजिने सोडून केवळ दोन लिटरच्या, चार सिलिंडरच्या आटोपशीर इंजिनांवर भर देण्याचे ठरवले. अशा रीतीने मुळात अभियंत्यांनी घेतलेले निर्णय रचनाकारांच्या कामी आले. कन्सेप्ट कूपेचे लांबलचक बॉनेट मोठ्या इंजिनाची जाहिरात करत असल्यासारखे वाटते, पण त्याखाली तसे इंजिन नाही.

समोरील जाळी चौकटीत तरंगत असल्यासारखी बसवली आहे. तिच्या दोन्ही बाजूंच्या दिव्यांमध्ये आडव्या पडलेल्या इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची प्रकाशपट्टी आहे. नॉर्स पुराणकथांतील थोर या देवाच्या शस्त्रावरून तिला 'थोरचा हातोडा' हे नाव पडले. नाव आकर्षक असले तरी पट्टीचे खरे काम ओळख पटवण्याचे आहे. रात्री आरशात मागून येणारी गाडी व्होल्वोची आहे हे ओळखण्याजोगी खूण तोवर कंपनीकडे नव्हती. खिडक्यांखालची रेषा गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ न मोडता जाते आणि मागील दिव्यांच्या वर खांद्यात मिसळते. छत बसके असून चाके २१ इंचांची आहेत.

पी१८०० शी नाते

बॉनेटची घडण आणि मागील बाजूची मांडणी यांत व्होल्वोच्या पी१८०० या जुन्या कूपेची आठवण आहे. १९६१ ते १९७३ या काळात बनलेली ती गाडी 'द सेंट' या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेत रॉजर मूर चालवत असत. तिची रचना तरुण स्वीडिश रचनाकार पेले पेटरसन यांची होती. ते तेव्हा इटलीतील तुरिन येथे फ्रुआ यांच्या कार्यशाळेत काम करत होते. व्होल्वोचे प्रमुख गुन्नार एंगेलाऊ यांना इटालियन रचना हवी होती. त्यांनी पसंत केलेला आराखडा मात्र कंपनीचे सल्लागार हेल्मर पेटरसन यांच्या मुलाचा निघाला. यामुळे बरीच वर्षे श्रेय फ्रुआ यांनाच दिले जात असे. पेले पेटरसन पुढे नौकानयनात ऑलिंपिक पदकविजेते झाले.

कन्सेप्ट कूपेत पी१८०० चे शेपटीसारखे पंख किंवा क्रोमची वळणदार पट्टी यांपैकी काहीही उचललेले नाही. त्या काळात जुन्या गाड्यांची नवी आवृत्ती काढण्याची लाट येऊन गेली होती, हे लक्षात घेता हा संयम उल्लेखनीय आहे.

अंतर्भाग

अंतर्भागात स्वीडिश असण्याचा दावा शब्दांऐवजी साहित्यातून केला आहे. चालकापुढील फलकावर चामडे आहे, जागोजागी नैसर्गिकरीत्या जुने झालेले लाकूड बसवले आहे आणि जमिनीवर गडद निळे विणलेले गालिचे आहेत. रंग मोजके असून चकचकीतपणा जवळजवळ नाही. त्यामुळेच आसनांच्या मधोमध असलेला, हाताने घडवलेला स्फटिकाचा गिअर दांडा लगेच नजरेत भरतो. तो स्मोलांद प्रांतातील ओरेफोर्स या प्रसिद्ध काचकामाच्या संस्थेने तयार केला. १८९८ पासून काच बनवणारा ओरेफोर्स गावातील मूळ कारखाना २०१३ मध्येच बंद झाला व उत्पादन जवळच्या कोस्टा येथे हलवण्यात आले. स्वीडिश हस्तकौशल्याचे प्रतीक म्हणून जगापुढे मांडलेल्या या वस्तूला त्यामुळे नकळत एक वेगळाच अर्थ प्राप्त होतो.

मधल्या भागात उभ्या ठेवणीचा मोठा स्पर्शपडदा आहे. चालकासमोरचा अंकीय फलक आणि समोरच्या काचेवर उमटणारी माहिती यांच्याशी तो जोडलेला आहे. उभा पडदा ही व्होल्वोची मूळ कल्पना नव्हे. टेस्लाच्या मॉडेल एस या गाडीत २०१२ पासून १७ इंचांचा असा पडदा होता. उभ्या पडद्यावर नकाशातील पुढचा रस्ता अधिक दूरवर दिसतो, याद्या वाचणे सोपे जाते आणि आडव्या पडद्याप्रमाणे फलकाची रुंदी खर्ची पडत नाही. बटणे हटवल्यामुळे लाकूड व चामडे यांना सलग जागा मिळाली. मात्र साधा वारा कमीजास्त करण्यासाठीही रस्त्यावरून नजर हटवून पडद्याकडे पाहावे लागते. पुढे विक्रीच्या गाड्यांत हीच मांडणी आल्यावर या मुद्द्यावर टीका झाली. सुरक्षिततेवर नाव कमावलेल्या कंपनीच्या बाबतीत ती गैरलागू म्हणता येणार नाही.

यंत्रणा

पुढील चाकांसाठी सुपरचार्जर व टर्बोचार्जर दोन्ही असलेले दोन लिटरचे पेट्रोल इंजिन आणि मागील आसावर विद्युत मोटार अशी संमिश्र योजना होती. एकत्रित शक्ती सुमारे ४०० अश्वशक्ती आणि पीळ ६०० न्यूटन मीटरहून अधिक असल्याचे कंपनीने जाहीर केले होते.

पुढील गाड्यांवरील प्रभाव

२०१४ मध्ये याच मालिकेतील आणखी दोन संकल्पना गाड्या आल्या. जानेवारीत डेट्रॉइट येथे कन्सेप्ट एक्ससी कूपे आणि मार्चमध्ये जिनिव्हा येथे कन्सेप्ट इस्टेट सादर झाली. दुसरीचे नाते पी१८०० चीच काचेच्या मागील दाराची आवृत्ती असलेल्या १८०० ईएसशी होते. जर्मनीत त्या जुन्या गाडीला 'हिमगौरीची शवपेटी' असे टोपणनाव होते.

ऑगस्ट २०१४ मध्ये स्टॉकहोम येथे दुसऱ्या पिढीची एक्ससी९० सादर झाली. थोरचा हातोडा, उभा पडदा आणि टी८ या संमिश्र आवृत्तीत ओरेफोर्सचा स्फटिक दांडा हे सर्व तिच्यात होते. या गाडीच्या पहिल्या १,९२७ प्रती आंतरजालावरून ४७ तासांत विकल्या गेल्या. कंपनीच्या पुनरुज्जीवनाचा पाया कूपेने नव्हे तर सात आसनांच्या या कौटुंबिक गाडीने घातला. दोन दारांच्या गाडीला मिळणारे ग्राहक पाहता ते स्वाभाविक होते. कूपेचे कौतुक बरेच झाले, तरी व्होल्वोच्या नावाने ती कधी विक्रीला आली नाही.

२०१७ मध्ये व्होल्वोने पोलस्टार हे स्वतंत्र नाममुद्रेचे नवे आस्थापन उभारून इंगेनलाथ यांना त्याचे प्रमुख केले. ऑक्टोबर २०१७ मध्ये शांघाय येथे दाखवलेली पोलस्टार १ ही कन्सेप्ट कूपेचीच पुढील आवृत्ती होती. चाकांमधील अंतर कमी झाले, बाह्यांग कार्बन तंतूंनी बळकट केलेल्या बहुलकाचे झाले, आणि मागील चाकांसाठी दोन विद्युत मोटारी आल्या. शक्ती सुमारे ६०० अश्वशक्तीपर्यंत वाढली. स्फटिकाचा गिअर दांडा मात्र राहिला. युरोपात तिची किंमत १,५५,००० युरो होती. चीनमधील छंतू येथील कारखान्यात १,५०० गाड्यांची मर्यादित निर्मिती ठरवण्यात आली आणि २०२१ च्या अखेरीस उत्पादन थांबले.