शनिवार तेल्यांची वंशावळ

कुलाबा जिल्ह्यांत तेलाचा घाणा चालवून शनिवारीं तो बंद ठेवणाऱ्या लोकांना शेजारी 'शनिवार तेली' म्हणत. हेच बेने इस्रायल. पेणकर, किहीमकर, नवगांवकर हीं त्यांचीं आडनांवें गांवांवरून पडलीं, आणि भाषा तर निखळ मराठी. शतकानुशतकें त्यांनीं शब्बाथ पाळला, मुलांची सुंता केली. त्याबद्दल शेजाऱ्यांनीं त्यांचा छळ केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. संशय आला तो स्वधर्मीयांकडून.

१८३६ मध्यें मुंबईंतील बगदादी यहुद्यांनीं दफनभूमींत आपल्या व बेने इस्रायलांच्या थडग्यांमध्यें भिंत असावी असा सरकारकडे अर्ज केला. मेल्यावरहि शेजार नको, असा हा सोवळेपणा! (आपल्या वाचकांस तो अगदींच अपरिचित वाटूं नये.) खुद्द बेने इस्रायलांतहि 'गोरा' आणि 'काळा' असा भेद असून त्यांत बेटीव्यवहार होत नसे, हेंहि सांगितलें पाहिजे.

१९४८ मध्यें इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर हे लोक मोठ्या आशेनें तिकडे जाऊं लागले. थोड्याच वर्षांत कांहींचा इतका भ्रमनिरास झाला कीं, वर्णामुळें आपणांस कमी लेखलें जातें अशी तक्रार करून त्यांनीं तेल अवीव येथें धरणें धरलें व हिंदुस्थानास परत पाठविण्याची मागणी केली. १९५२ मध्यें कांहीं परतलेहि.

पण खरा घाव १९६२ सालचा. त्या देशांत यहुद्यांचे विवाह धर्मपीठाच्या अधिकारांत लागतात. मुख्य धर्मपीठानें हुकूम काढला कीं, बेने इस्रायल व इतर यहुदी यांचा विवाह ठरल्यास बेने इस्रायलाच्या मातृकुळाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. घटस्फोटाचे शास्त्रोक्त नियम कोंकणांत पाळले गेले नसावेत, ही त्यामागील शंका. अलिबागच्या किनाऱ्यावर वारलेल्या पणजीचा दाखला आणावा कोठून? आणि हुकुमांत नांव घेतलें होतें तें एकट्या बेने इस्रायलांचें.

१९६४ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं जेरुसलेमांत ठाण मांडलें. ऑगस्टमध्यें संसदेनें ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचें जाहीर केलें. धर्मपीठानें हुकुमांतून त्यांचें नांव गाळलें, आणि ज्या कोणाच्या कुलाविषयीं शंका असेल त्याची चौकशी करावी असा मजकूर त्या जागीं घातला. आमच्या मतें हा विजय निम्माच. शंका घेण्याचा अधिकार धर्मपंडितांकडेच राहिला.

बहुतेक मंडळी तेथेंच स्थिरावली. पुढें त्यांनीं 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक काढलें, आणि एलियाहू हन्नबीच्या नांवानें गोड पोह्यांचा मलिदा करण्याची कोंकणांतली चाल तिकडेहि चालू ठेवली.