दिनविशेष : २ ऑक्टोबर – चिलटाच्या घड्याळाला नोबेल

२०१७ साली आजच्याच दिवशी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना वैद्यकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. खरा मानकरी मात्र चौथाच, पिकल्या केळ्यांवर घोंगावणारे चिलट! त्याच्यातला ‘पीरियड’ हा जनुक १९८४ मध्ये वेगळा काढता आला. या जनुकाच्या हुकमाने बनणारे प्रथिन रात्रभर पेशीत साठते, पुरेसे साठले की आपल्याच जनुकाला गप्प बसवते आणि दिवसा विघटित होते. मग फेरा पुन्हा सुरू. सुमारे चोवीस तासांचे असेच घड्याळ माणसातही चालते. झोप, भूक, रक्तदाब, अंगातली ऊब सारे त्याच्या तालावर, आणि सकाळचा उजेड त्याची वेळ रोज जुळवतो.

निसर्ग असा वेळ पाळतो, मोहाची फुले पहाटे गळतात, हे आमच्या चंद्रपूरच्या जंगलातल्या वेचणाऱ्यांना नोबेलच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. पण याच चंद्रपुरात २,९२० मेगावॉटचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे, कोळसा खाणी आहेत, शेजारी बल्लारपूरचा कागद कारखाना आहे. म्हणजे रातपाळी आलीच. सकाळी उन्हातून घरी येणाऱ्याला झोप लागत नाही, कारण त्याचे शरीर ‘उजाडले, ऊठ’ म्हणत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रातपाळीला संभाव्य कर्करोगकारक ठरवले. घरात कुणी रातपाळीचे असेल, तर दुपारी पडदे ओढा आणि कुकरची शिट्टी जरा जपून.