परक्या रुळांवरची मालगाडी

१८ जुलै २००१ रोजी बाल्टिमोर शहराखालच्या हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात सीएसएक्स कंपनीची मालगाडी घसरली आणि पेटली. दक्षिणेकडून ईशान्येकडे जाणारा कंपनीचा मुख्य मार्ग याच बोगद्यातून जातो. आग काही दिवस धुमसत राहिली. तेवढ्या काळात सीएसएक्सच्या काही गाड्या पार क्लीव्हलँडपर्यंत वळसा घालून गेल्या, तर काही चक्क प्रतिस्पर्धी नॉर्फक सदर्नच्या रुळांवरून.

अमेरिकेत बहुतेक रूळ खासगी कंपन्यांच्या मालकीचे आहेत. पूल वाहून गेला, दरड आली, डबे घसरले की शेजारच्या कंपनीकडे वाट मागावी लागते. पण शेजाऱ्याने हो म्हटलं तरी गाडी त्याच्या रुळांवर बसायला हवी! एकेकाळी हीच अडचण होती: दक्षिणेतल्या बहुतेक मार्गांवर दोन रुळांतलं अंतर ५ फूट होतं, उत्तरेत ४ फूट साडेआठ इंच. दोन्ही मार्ग जिथे भेटत तिथे माल उतरवून पुन्हा भरा, नाहीतर डब्यांखालची चाकं बदला. अखेर ३१ मे आणि १ जून १८८६ या दोन दिवसांत दक्षिणेतल्या कंपन्यांनी सुमारे ११,५०० मैल मार्गावरचा एकेक रूळ ३ इंच आत सरकवला. नव्या जागेचे खिळे आधीच ठोकून ठेवले होते. उरलेल्या अर्ध्या इंचाने गाडी अडत नव्हती. रेल्वेच्या इतिहासात याहून देखणं सामूहिक काम मला तरी दिसत नाही. पुढे १८९३च्या कायद्याने आपोआप जुळणारं कपलिंग आणि हवेचे ब्रेक सक्तीचे केले, आणि कुठलाही डबा कुठल्याही गाडीला जोडता येऊ लागला.

पहिल्या महायुद्धात मालाची इतकी कोंडी झाली की २८ डिसेंबर १९१७ पासून सरकारने रेल्वे ताब्यात घेतली. मग रूळ कोणाचे हे न पाहता माल सोयीच्या वाटेने धाडला जाऊ लागला. १९२०मध्ये कंपन्यांना रेल्वे परत मिळाली, पण अडचणीच्या वेळी माल दुसऱ्या मार्गाने न्यायला लावण्याचा अधिकार वाहतूक आयोगाकडे आला. एरवी कंपन्या आपसातल्या करारानेच भागवतात. पाहुणी गाडी मैलांप्रमाणे भाडं देते आणि यजमानाच्या नियंत्रकाचं ऐकते.

मात्र एक गोष्ट कुठलाही कायदा एकसारखी करू शकला नाही: वाटेची ओळख. हजारो टनांची गाडी थांबायला मैलभर लागू शकतो. कुठल्या वळणापुढे उतार आहे, सिग्नल नेमका कुठे दिसेल, हे चालकाला आधीच ठाऊक असावं लागतं. म्हणून यजमान कंपनीचा माणूस पायलट म्हणून इंजिनात चढतो आणि परक्या चालकाशेजारी उभा राहून त्याला वाट सांगतो. आपल्याकडेही रोड लर्निंग झाल्याशिवाय लोको पायलटच्या हाती नव्या मार्गावर गाडी एकट्याने देत नाहीत, ते याचसाठी. माझ्या लेखी या सगळ्या व्यवस्थेचा कणा यजमान कंपनीचा तो पायलटच आहे.

नेवाडात तर परक्या रुळांवरून जाण्याची ही आपत्कालीन सोय रोजचीच होऊन बसली. हम्बोल्ट नदीच्या खोऱ्यात सदर्न पॅसिफिक आणि वेस्टर्न पॅसिफिक या कट्टर स्पर्धकांचे एकेरी मार्ग जवळजवळ समांतर धावत. १९२४ पासून दोघांच्याही पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या वेस्टर्न पॅसिफिकच्या रुळांवरून आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या सदर्न पॅसिफिकच्या रुळांवरून जाऊ लागल्या. दोघांनाही नवा रूळ न टाकता दुहेरी मार्ग मिळाला. आज ते दोन्ही मार्ग युनियन पॅसिफिकचे आहेत.