तळटीप १७ : डोंगरातला दवाखाना

१७. लेखकाने पारोळ्याला शाळकरी वयात पाहिलेला बोलपट म्हणजे व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६). त्यातला दवाखाना काल्पनिक नव्हे. उत्तर चीनमध्ये, जपानी फौजांच्या पिछाडीला, चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे जखमी तिथे बरे होत. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांनी १९३८ मध्ये सोंगयानकोउ गावच्या बौद्ध मंदिरात नमुनेदार रुग्णालय उभारले होते. जपान्यांनी ते लवकरच उद्ध्वस्त केले. पुढे पक्क्या इमारतीचा हट्ट सुटला. जखमी शेतकऱ्यांच्या घरांत विखरून ठेवायचे, शत्रू चालून आला की औषधे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे खेचरांवर लादून डोंगर गाठायचा. स्लोव्हेनियातले फ्रान्या रुग्णालय (१९४३) अरुंद घळीत दडून तगले. इथे मात्र सतत हलत राहणे हाच आडोसा होता. माझ्या मते या दवाखान्याचा खरा आधार गावकरीच होते, आणि बोलपटात त्यांना मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

बेथ्यून १९३९ मध्ये वारले. त्यांच्या नावाच्या या रुग्णालयाची सूत्रे जानेवारी १९४१ मध्ये सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांकडे आली. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ते तिथेच गेले. ज्या पाच जणांच्या भारतीय वैद्यकीय पथकातून कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. वाचकांनी त्यांचेही नाव स्मरणात ठेवावे. — संपादक